स्वेटर आणायला गेलेली

एकोणीसशे एकाहत्तरच्या एका गुरुवारी
तिसऱ्या चौकटीत ती म्हणाली, "थांबा, स्वेटर घेऊन येते,"
आणि जिना चढून गेली.
चौथ्या चौकटीत सगळे हसले, भलत्याच कशावर तरी.
त्यानंतर ती कुणाला दिसली नाही.

तिचा धाकटा भाऊ गस. आठ वर्षांचा.
यंदा त्याला आठ वर्षांचा होऊन सत्तावन्न वर्षं झाली.
दर मार्चात, बंदरावरचा बर्फ काळवंडला की
त्याचा चेंडू मिसेस क्रॉलीच्या खिडकीतून आरपार जातो,
ती लाटणं घेऊन धावते,
आणि दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या,
काच जागच्या जागी.
मी लहानपणी विचारलं होतं, काच बसवतं कोण?
बाबा शाई ढवळत म्हणाले, "रविवार."

बटन नावाचं कुत्रं एकदा नऊ दिवस हरवलं.
पोत्यानं पत्रं आली.
सडबरीच्या एका खाणकामगारानं लिहिलं होतं,
बायको गेली ते मी सोसलं, कुत्रं परत आणा.
तेव्हापासून बटन हरवतं ते सोमवारी
आणि सापडतं शनिवारच्या आत.

गसच्या वडलांचा पाइप संपादकांनी काढायला लावला.
पाइप गेला, हात तसाच राहिला,
हवेत, बोटं वळलेली (चारच, आमच्याकडे सगळ्यांना चारच).
अकरा वर्षं तो माणूस काहीच नसलेलं धरून उभा होता.
आता तो हात मी काढते.
कॉफीचा कप देता आला असता. दिला नाही.

माझं नाव सेल्मा लाक्सो. पट्टीखाली सही मात्र आर्वो लाक्सो,
थंडर बेच्या कबरस्तानात सहा हिवाळे झोपलेल्या माणसाची.
शेवटी शेवटी त्यांची रेघ थरथरायची,
आणि वाचकांना ती थरथर आवडली.
म्हणून मी सकाळी ठणठणीत हातानं बसते
आणि मोजून मापून थरथरते.

शनिवारी रेयो येतो, माझा भाऊ, गस ज्याच्यावरून काढला तो.
गुडघा बदललेला, साखर वाढलेली,
सौना तापेपर्यंत माझ्या टेबलाशी वाकून बघतो.
"याचा तो दात अजून आलाच नाही?"
नाही आला, रेयो.
"बरंय लेकाचं," म्हणतो, आणि पाव मागतो, वेलचीचा.

एकाहत्तर साली मी पंधराची होते.
एका वर्षात वीतभर वाढले, बाबांशी बोलणं सोडलं,
दारं आपटायला शिकले.
त्यांनी मला कागदावर तेरा वेळा काढून पाहिलं,
तेरा वेळा फाडलं. कपाटामागे तुकडे सापडले मला,
कुठे कोपर, कुठे नुसती मान,
कुठेही चेहरा पूर्ण नाही.
तेव्हा मी विचारलं होतं, पेपरात मी का नाही हल्ली?
म्हणाले, "आहेस की. वर आहेस."

जिना त्यांनी कधी पुसला नाही, एवढं खरं.
प्रत्येक पट्टीत मागे डावीकडे बारा पायऱ्या,
घाईच्या दिवशीसुद्धा बाराच.
त्याखाली सगळे जेवतात, भांडतात, घसरून पडतात,
वर कुणी बघत नाही.

काल दुपारी चार चौकटी आखल्या.
खिडकी फुटली. लाटणं धावलं.
हात सवयीनं जिन्याकडे गेला,
एक, दोन, तीन... आणि अकरावीवर
मी एक बूट काढला.
पेन्सिलीनं नाही. शाईनं.

खाली कुणाला काही कळलेलं नाही.
गस तोंडभर घास घेऊन बोलतोय,
आई ओव्हनमध्ये वाकलीय,
बटनचा मात्र एक कान उभा राहिलाय,
तो मी काढल्याचं मला आठवत नाही.

बूट अजून अर्धाच आहे.
टाच झाली, पुढचं राहिलंय,
आणि मला ठरवता येत नाही नंबर कितीचा,
दहा वर्षांच्या मुलीचा, की माझा.
शुक्रवारी पाठवायचंय.
दौतीचं झाकण उघडंच आहे.